दावणीचे जनावर आणि मध्यरात्रीचा सामना : ज्येष्ठांचे अनुभव

मराठवाड्यातल्या, साठी ओलांडलेल्या आणि तरीही फुटबॉलचे वेड न सुटलेल्या मंडळींसाठी हा धागा उघडत आहे. क्रिकेटच्या गप्पांना पारावर माणसे मिळतात, कुस्तीच्या गप्पांना जत्रेत मिळतात. फुटबॉल पाहणारा म्हातारा मात्र गावात बहुधा एकटाच असतो, आणि रात्री एक-दीडला तो टीव्हीसमोर बसतो तेव्हा त्याच्यासोबत जागे असते ते घरातले कुत्रे, मांजर, नाहीतर गोठ्यात रवंथ करणारी गाय. म्हणून दोन्ही आठवणी एकत्रच मागवत आहे. माझे मत असे की या दोन्ही माया एकाच जातीच्या आहेत. जनावर काय किंवा संघ काय, आपण फारसे पारखून घेत नाही. कोणाच्या तरी हातून ते आपल्या दारी येतात आणि पुढे बाजारात त्यांची किंमत कितीही पडली तरी आपण ते बदलून घेत नाही. हे पटत नसेल तर तसेही लिहावे. सुरुवात मीच करतो.

कंधार तालुक्यातून, निवृत्त बँक कर्मचारी (धागाकर्ता)

१९५६ पर्यंत आपले जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि माझे वडील त्या काळात हैदराबादला सरकारी नोकरीत होते. हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ तेव्हा ऐन भरात होता; १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्याने मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर, आणि भारतीय संघही त्यांच्याच हाताखाली घडला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक, हे सारे त्यांच्या खात्यावर आहे. वडील नोकरी सोडून शेतीवर परतले तेव्हा सोबत एक ट्रंक आणि या संघाच्या गोष्टी घेऊन आले. दुसरे काही त्यांनी हैदराबादेत कमावले असेल असे मला वाटत नाही.

आमच्या आखाड्यावर लाल कंधारी बैलांची जोडी होती. त्यांतल्या मोठ्या बैलाला दारात आडवे उभे राहायची खोड होती आणि एकदा तो तसा उभा राहिला की सालगड्यालासुद्धा गोठ्यात पाऊल टाकता येत नसे. वडिलांनी त्याचे नाव ठेवले थंगराज. पीटर थंगराज हा भारताचा उंचापुरा गोलरक्षक, जन्माने हैदराबादचाच. पण गावात हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे मद्रासकडच्या व्यापाऱ्याकडून हा बैल आणला असावा, असा लोकांचा समज झाला होता. सप्टेंबर १९६२ मध्ये जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. डोक्याला टाके पडलेले असताना जर्नेल सिंगने पुढच्या फळीत खेळून गोल केला, हे वडिलांनी वर्तमानपत्रातून आम्हांला मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्या संध्याकाळी थंगराजच्या गव्हाणीत सरकी पेंडीचा एक वाढीव डबा पडला. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने आजारी होते; पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले. बैल त्यांच्यानंतरही बरीच वर्षे जगला. कामातून निघाल्यावरही वडिलांनी त्याला दावणीवरून हलवले नाही, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तुपाचा पहिला हात त्याच्याच खांद्यावर फिरत असे. जुवाने पडलेला घट्टा बोटांना लागला की वडील तिथे थोडे थांबत आणि मग "आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणत.

लातूरहून, निवृत्त शिक्षिका

काका, आपले लेखन आवडले. पण दोन्ही माया एका जातीच्या, हे मला मान्य नाही.

माझ्या वडिलांकडे देवणी बैल होते. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानतात. आमचा वानेरा होता, म्हणजे अंग पांढरे आणि तोंडाची बाजू काळी. १९७२ च्या दुष्काळात कडबा संपला, छपरावरचे जुने गवत उतरवून घालून झाले, आणि शेवटी वडिलांनी त्याला हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेले. मी हट्टाने सोबत गेले होते. तिथे व्यापारी उपरण्याखाली वडिलांची बोटे धरून सौदा करत होता. भाव तोंडाने बोलायचा नसतो, बोटे दाबून सांगायचा असतो. उपरण्याखाली काय चालले आहे ते मला दिसत नव्हते, दिसत होता तो फक्त वडिलांचा चेहरा, आणि त्या वर्षी सगळ्यांनीच बैल बाजारात आणले असल्यामुळे व्यापाऱ्याला घाई नव्हती. सौदा झाला. वडिलांनी जुना कासरा सोडून घेतला, कारण आपल्या दावणीचा कासरा विकत्या जनावरासोबत देत नाहीत, आणि तो हातात गुंडाळत आम्ही पायी परत आलो.

आता माझा संघ. मी १९९४ पासून ब्राझीलची. ८ जुलै २०१४ चा जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू झाला. मांडीवर आमची मनी होती. अर्ध्या तासाच्या आतच पाच गोल झाले होते, आणि त्यांतले चार तर सहा मिनिटांत झाले. घरातली मंडळी उठून झोपायला गेली, मी मात्र १-७ होईपर्यंत बसून राहिले, कारण मनी गाढ झोपली होती आणि तिला उठवणे मला बरे वाटेना. सकाळी दूध तापवताना मला वाईट वाटत होते, हे खरे. पण त्या पराभवाने माझ्या घरातली एक भाकरीसुद्धा कमी झाली नव्हती. संघाला वैरण घालावी लागत नाही आणि संघ विकावाही लागत नाही. ज्या मायेची किंमत मोजावी लागत नाही, तिला बैलाच्या मायेच्या पंक्तीला बसवू नये, असे मला वाटते.

धाराशिवहून, शेळीपालक

ताईंचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. माझा अनुभव जरा हलका आहे, तो गोड मानून घ्यावा.

आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. काळीभोर, काटक आणि बहुधा जुळी देणारी ही जात आहे; हिने आमच्या घरातली शिक्षणे केली. त्याच शिक्षणाच्या बळावर मुलगा जर्मनीत कलोन शहरी नोकरीला लागला. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो मला फुटबॉलच्या सामन्याला घेऊन गेला. मैदानाच्या कडेला, हजारो माणसांच्या गोंगाटात, एक बोकड दोरीला धरून शांत उभा केलेला होता. मला वाटले, नवसाचा असावा! चौकशी केल्यावर कळले की १९५० मध्ये एका सर्कशीने या क्लबला बोकड भेट दिला, खेळाडू-प्रशिक्षक हेनेस वाइसवाइलर यांच्या नावावरून त्याचे नाव हेनेस ठेवले, आणि तेव्हापासून एक गेला की दुसरा त्याच नावाने गादीवर बसतो. २०१९ पासून नववा हेनेस आहे. त्याचा मुक्काम तिथल्या प्राणिसंग्रहालयात असतो आणि क्लबच्या चिन्हातही बोकडच आहे.

आमच्याकडे बोकडाला एवढे आयुष्य लाभत नाही, हे मी मुलाला सांगितले नाही. मात्र माणूस जनावर कसे धरतो हे मी लगेच पाहतो, आणि हेनेसला धरणाऱ्याने दोरी ढिली ठेवली होती, एक हात त्याच्या मानेवर होता. त्या दिवसापासून मी त्या संघाचा झालो. २०२४ मध्ये संघ खालच्या विभागात घसरला तेव्हा मुलाच्या आधी मीच त्याला फोन करून बोकड बरा आहे ना, असे विचारले. पुढच्या वर्षी संघ परत वर आला. बोकड बरा आहे.

छत्रपती संभाजीनगरहून, निवृत्त फिटर

मी तरुणपणी आमखास मैदानावर खेळलो. बूट सगळ्यांकडे नसत, आणि ज्याच्याकडे असत त्याला पुढच्या फळीत खेळवायचे असा आमचा अलिखित नियम होता. मैदानावर एक पांढरे-तपकिरी कुत्रे हमखास येई आणि खेळ रंगात आला की नेमके चेंडूमागे धावे. दगड मारून त्याला हाकलणारे होते तसे त्याला डब्यातली पोळी देणारेही होते, आणि मी दुसऱ्या गटातला. पुढे ते माझ्यामागे घरीच आले. हॉलंडच्या रूड गुलिटसारखे केस त्याच्या कानांवर लोंबत, म्हणून त्याला गुलिट नाव पडले, आणि आईने त्याचे गुल्या केले.

अशा कुत्र्याची एक गोष्ट विश्वचषकातही आहे. १९६२ साली चिलीत ब्राझील आणि इंग्लंड यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात एक कुत्रे मैदानात शिरले. ते ब्राझीलच्या गारिंचालाही चकवून गेले, आणि शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजने चार पायांवर बसून त्याला धरले, तर त्याने ग्रीव्हजच्या कपड्यांवरच कार्यक्रम उरकला. ते कुत्रे पुढे गारिंचाच्याच घरी गेले असे सांगतात. सामना ब्राझीलने ३-१ असा जिंकला. ज्याच्या पायातून चेंडू कोणाला काढून घेता येत नसे, त्या माणसाने आपल्याला चकवणारे कुत्रे घरी नेले, ही गोष्ट मी कारखान्यात इतक्या वेळा सांगितली की माझे नावच काही काळ गारिंचा पडले होते; खेळावरून नव्हे, गोष्टीवरून.

बीड जिल्ह्यातून, आष्टी तालुका, शेतकरी

शिक्षिका ताईंनी बाजाराचे लिहिले म्हणून मी छावणीचे लिहितो.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात प्यायला पाणी नव्हते तिथे जनावरांना कुठून असणार? मी दोन म्हशी आणि एक गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेलो. घरचे एक माणूस जनावरांपाशी असावेच लागे. बांबू आणि जुन्या साड्यांची पाले होती, खायला ऊस होता, आणि उसाने जनावरांची तोंडे सोलून निघत. धाकटी म्हैस तर कांड्याला तोंडच लावत नव्हती, म्हणून मी कोयत्याने त्याचे बारीक तुकडे करून तिला हातावर भरवत असे. पुतण्या रात्री डबा घेऊन येई आणि माझ्याजवळच झोपे. त्याच्यामुळे मी इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाचा झालो होतो.

७ मे ची रात्र होती, म्हणजे आपल्या हिशेबाने ८ मे उजाडायची, आणि सामना साडेबाराला होता. दोन सामन्यांचे गोल मिळून निकाल लागायचा होता; पहिल्या सामन्यात बार्सिलोनाने लिव्हरपूलला ३-० असे हरवले होते, शिवाय लिव्हरपूलचे सालाह आणि फर्मिनो दोघेही खेळणार नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, झोपा आता, काही खरं नाही." मी म्हणालो, म्हशीला तुकडे करून घालायचेच आहेत, तू लाव. मोबाइल पाटीला टेकवून ठेवला. एक हात म्हशीच्या तोंडात आणि डोळे पडद्यावर, असे तीन गोल झाले आणि बरोबरी झाली. मग ७९ व्या मिनिटाला त्या अलेक्झांडर-आर्नल्ड पोराने कॉर्नर सोडून निघाल्यासारखे केले आणि गर्रकन फिरून चेंडू आत मारला. बार्सिलोनाचे लोक सावरायच्या आत ओरिगीने गोल केला. आम्ही दोघे एकदमच ओरडलो. छावणीतली जनावरे दाव्याला हिसके देत उठली, आणि साप निघाला किंवा चोर आले अशा समजाने चहूकडून माणसे काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावत आली. खरे कारण कळल्यावर शिव्या मिळाल्या. पण मग पुतण्याने तो कॉर्नर त्यांना पुन्हा दाखवला, आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता, ते एवढेच म्हणाले, "राखणदार सगळे पाठमोरेच कसे उभे?" त्यानंतर पहाटे पाण्याचा टँकर येईपर्यंत कोणीच झोपले नाही.

पावसाळ्यानंतर तिन्ही जनावरे घरी आली. संघ आणि जनावर एका जातीचे की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या रात्री मात्र दोन्ही माझ्याजवळ होते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. लातूरच्या ताईंना एवढेच सांगायचे आहे की संघ विकला जात नाही असे नाही. २०१९ मध्ये हैदराबाद एफसी हा नवा संघ उभा राहिला तेव्हा वडिलांच्या गोष्टींना इतक्या वर्षांनी घर मिळाले असे मला वाटले होते. मार्च २०२२ मध्ये गोव्यात केरळला पेनल्टींवर हरवून त्याने इंडियन सुपर लीग जिंकली, आणि त्या रात्री वडिलांच्या फोटोपुढे मी पेढा ठेवला. २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. सौदा कोणी कोणाशी केला हे आम्हां पाहणाऱ्यांना उपरण्याखालचे दिसणार कसे?

लातूरहून, निवृत्त शिक्षिका

काका, वाईट वाटले. तरीही फरक उरतोच. तुमचा संघ गेला तेव्हा कासरा तुमच्या हातात नव्हता; आमचा बैल गेला तेव्हा तो वडिलांच्या हातात होता. आता कोणता संघ धरला आहे, ते मात्र कळवा.

धागाकर्ता

अजून कोणताच नाही. धाराशिवच्या भाऊंकडे कलोनच्या बोकडाची चौकशी करत आहे.