बॅकअप घेतला होता, पण... : बाहेरच्या हार्ड डिस्कचे आपले अनुभव

गिरणाकाठ (भडगाव)

31 मार्चच्या रात्री साडेनऊला अमळनेरच्या आमच्या आप्पांचा फोन. आप्पा कर सल्लागार. "भो, डिस्क लावली का टुक टुक वाजते आन् गायब होते. समद्या पार्ट्यांचा हिशोब त्यातच आहे." कॉम्प्युटरवर नाही का, असं विचारलं तर म्हणे, जागा होत नव्हती म्हणून तिथलं उडवलं. म्हणजे तो बॅकअप नव्हताच, एकुलती एक प्रत होती. 31 मार्च हा जागतिक बॅकअप दिनही असतो, हे मी त्या वेळी आप्पांना सांगितलं नाही.

डिस्क धड होती. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाला लांबलचक केबलनं लावलेली. यूएसबी 2.0 चा पोर्ट ठरल्याप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. फिरती डिस्क सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि पुढच्या पोर्टापर्यंतच्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. मागच्या पोर्टाला आखूड केबलनं लावली, चालली. पण आवाज येणारी प्रत्येक डिस्क अशी सुटत नाही, हेही खरं.

लिहा आपापलं. नुसतं "डिस्क गेली" नको. काय दिसत होतं, काय काय करून पाहिलं ते सांगा. कंपन्यांची नावं नकोत, इन्व्हर्टरच्या धाग्यात फार भांडणं झाली होती.

सरकीवाला (धरणगाव)

जिनिंगमध्ये हिशोबाला आहे. भाच्यानं एक बॅच फाइल करून दिली होती, रोज रात्री आठला डेटा ई ड्राइव्हवर कॉपी. काट्यावरच्या पोरानं गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावला आणि तसाच ठेवला. वीज जाऊन आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आणि ई हे अक्षर पेन ड्राइव्हला मिळालं, डिस्क झाली एफ. अकरा दिवस आमचा हिशोब गाण्यांच्या शेजारी जाऊन बसत होता. मग पेन ड्राइव्ह भरला. काळी खिडकी उघडायची आणि आपोआप बंद व्हायची, त्यामुळे कॉपी होत नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आता विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला एक्स अक्षर दिलंय. तिथवर सहसा कोणी पोचत नाही. आणि पोर्टात रुईचा पुंजका अडकतो तो वेगळाच. महिन्यातून एकदा कॉम्प्युटर बंद करून ब्रशनं काढतो.

पाठवणी (शहादा)

माझा फोटो स्टुडिओ. माझं दुखणं वाचून हसू नका. मी फोल्डरला व्यवस्थित नावं द्यायचो: साल, मग लग्नसराई, मग वर-वधूची पूर्ण नावं, गाव, मग "साखरपुडा व हळदीचा कार्यक्रम", त्यात "निवडक छायाचित्रे अल्बमसाठी". सगळं मराठीत. कॉम्प्युटरवर सगळं नीट उघडायचं. बॅकअप मात्र दर वेळी "काही फाइल्स वगळल्या" म्हणून संपायचा. मी ते वाचून बंद करायचो.

विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला (ड्राइव्हचं अक्षर, सगळी फोल्डरं आणि फाइलचं नाव मिळून) नेहमीची मर्यादा 260 अक्षरांची. आपल्याला "श्री" एक अक्षर वाटतं, मशीन त्याची चार मोजतं: श, हलन्त, र, वेलांटी. "क्षे"चीही चार. वर बॅकअपचं सॉफ्टवेअर आपलं तारखेचं फोल्डर पुढे जोडतं. मूळ फाइल 240 मध्ये बसायची, प्रत 275 वर जायची. एका लग्नाची मांडवापर्यंत सगळी छायाचित्रं डिस्कवर, अल्बमसाठी निवडलेलीच नाहीत. वधूच्या वडिलांना तोंड दाखवायला नको म्हणून मी दोन महिने त्या गल्लीतून गेलो नाही.

विंडोज 10 मध्ये 2016 पासून लांब पत्ते चालवायची सोय आहे, पण ती चालू करावी लागते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती मानत नाही. विंडोजमधलंच रोबोकॉपी हे कॉपीचं साधन लांब पत्ते घेतं. मी सोपं केलं: फोल्डरला नुसता नंबर, आणि नावं वहीत.

पत्र्याची खोली (भुसावळ)

आमच्याकडचा मे सांगायला नको. पत्र्याखाली दुपारी 400 जीबी कॉपीला लावले की निम्म्यावर डिस्क गायब. केबल बदलली, पोर्ट बदलला, काही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पाहिलं तर डिस्क 61 अंशांवर. आता पहाटे चारला उठून लावतो. डिस्क स्टीलच्या ताटावर, बाजूला टेबल फॅन. घरचे म्हणतात, नैवेद्य दाखवलाय का?

लाल मिरची (नंदुरबार)

आमच्या आजीची आखाजीची गाणी मामानं रेकॉर्ड केली होती, अहिराणीत, साधारण तीन तास. डिस्क हळू झाली, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं. क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळा रंग, सी5 या ओळीत शून्याऐवजी आकडा. कुठंतरी वाचलं होतं की चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा, चालवावी. रात्री लावून झोपले. सकाळी बारा टक्क्यांवर अडकलेलं, नंतर डिस्क ओळखलीच गेली नाही.

एका मावसभावाच्या जुन्या फोनमध्ये दोन गाणी सापडली. दुसऱ्या गाण्यात आजी मध्येच थांबून विचारते, "काय व्हयनं, बंद पडनं का?"

गिरणाकाठ

ताई, यात तुमची चूक नाही, चेकडिस्कचा सल्ला सगळीकडे तसाच दिलेला असतो. बाकीच्यांसाठी लिहितो. सी5 म्हणजे वाचता न आलेले, पुढे काय करायचं ते न ठरलेले सेक्टर (डिस्कचे बारके कप्पे). तो आकडा वाढत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरनं दुसऱ्या डिस्कवर प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, घ्यायची. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागी नंतर येतं. चेकडिस्क मरणाऱ्या डिस्कवरच लिहायला जातं आणि तिला रात्रभर पळवतं. ती डिस्क टाकू नका, पुन्हा पुन्हा लावूनही पाहू नका. डेटा काढून देणारे आहेत, खर्च आहे, पण आधी विचारून पाहा.

तापी-पांझरा (शिरपूर)

छोटं सांगतो. डिस्कवर 300 जीबी मोकळे, तरी व्हिडिओ जाईना, "फाइल फार मोठी". डिस्क फॅट32 या पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती, त्यात 4 जीबीच्या पुढची एक फाइल बसत नाही. डेटा हलवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, संपला विषय.

घड आणि पट्टी (रावेर)

सरकीवाले भाऊ, तुमची डिस्क रात्रंदिवस लावलेलीच असते ना? आमचीही होती. एका ईमेलमधलं बिल उघडलं आणि केळीच्या सगळ्या पट्ट्यांना, म्हणजे विक्रीच्या हिशोबांना, व्हायरसचं कुलूप, कॉम्प्युटरवरच्याही आणि डिस्कवरच्याही. खंडणीची चिठ्ठी दोन्हीकडे.

सरकीवाला

काढून ठेवली की लावायचंच राहतं, भाऊ. हंगामात जेवायला वेळ नसतो.

घड आणि पट्टी

दोन घ्या. एक लावलेली, एक घरी कपाटात. बाजाराच्या दिवशी अदलाबदल.

आप्पा (अमळनेर)

मीच तो आप्पा. सगळ्या खान्देशात माझं नाव केलंस, भो. आता कामाचं सांग. "सुरक्षित काढा" दाबलं का म्हणतो डिव्हाइस वापरात आहे. मी तर सगळं बंद केलेलं.

गिरणाकाठ

आप्पा, हिशोबाचं सॉफ्टवेअर खाली घड्याळाशेजारी लपून चालू असेल, तिथून बंद करा. तरी नाही म्हणालं तर ओढू नका, कॉम्प्युटर शट डाउन करा आणि मग काढा. आणि कॉम्प्युटरवरचं यंदा काही उडवलं नाहीत ना?