माऊसला हात न लावता कोडिंग: खरंच फायदा आहे की नुसती शायनिंग?

ऐरोलीचा_एस्केप:
महापेला ऑफिस आहे, काल स्क्रीन शेअर करून रिव्ह्यू चालू होता आणि आमच्यातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "हा अजून विम वापरतो, आजोबा आहे आपला." सगळे हसले, मीपण हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं म्हणून इथे टाकतोय.

विम म्हणजे सगळं कीबोर्डवरून चालवायचा जुना एडिटर. त्याने टायपिंग फास्ट होतं असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, टायपिंग कुठेही तेवढंच. पण आपण दिवसभरात नवीन कोड लिहितो किती? बहुतेक वेळ जुनाच उचकटत असतो, आणि विम त्यासाठी आहे. इन्सर्ट मोडमध्ये टाइप करायचं, एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलं की त्याच कळा कमांड होतात. सी म्हणजे बदल, डी म्हणजे उडव, वाय म्हणजे कॉपी, ही क्रियापदं. त्याला कर्म जोडायचं. आय-डब्ल्यू म्हणजे शब्द, आय-पी म्हणजे परिच्छेद. कर्सर अवतरणात कुठेही असू दे, सी-आय आणि अवतरणचिन्ह दाबलं की आतलं साफ आणि लगेच टाइप करायचं. मग पुढच्या जागी जाऊन नुसता टिंब दाबला की तोच बदल परत. एक क्रियापद नवीन शिकलं की ते सगळ्या कर्मांना लागतं. शॉर्टकटांची घोकंपट्टी नाहीये ही. मला हे कळायला सात महिने लागले ही गोष्ट वेगळी.

माजिवडा_सिग्नल:
सात महिने! तेवढ्यात माणूस नवीन भाषा शिकून जॉब बदलतो.
व्हीएस कोड एडिटरमध्ये कंट्रोल-डी चारदा दाब, चार जागा सिलेक्ट होतात, बदल होताना समोर दिसतो, टिंबासारखं आंधळं काम नाही. आणि खरा रीनेम, म्हणजे व्हेरिएबलचं नाव सगळीकडे बदलायचं, तर एफ-टू, त्याला कळतं कुठलं व्हेरिएबल कुठलं. तू शब्द बदलतोस, मी अर्थ बदलतो. आणि मुख्य म्हणजे तुझ्या मशीनवर ज्युनियर येऊन बसला तर त्याला एक ओळ लिहिता येते का? आमच्याकडे होता असा एक, त्याच्या शेजारी बसलं की कीबोर्ड मागायचीच चोरी.
शिवाय तुम्हा लोकांचे शनिवार-रविवार सेटिंग फायलीत जातात. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

ऐरोलीचा_एस्केप:
मसाल्याचं कबूल, तीन वीकेंड प्लगइनमध्ये घालवलेत मी, बायको साक्षीदार आहे.
पण एफ-टूचं मान्य नाही. तो रीनेम एडिटर करतच नाही, मागे लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोडचा अर्थ कळणारा वेगळा प्रोग्राम, असतो तो करतो, आणि त्याच्याशी बोलायचा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टनेच 2016 मध्ये खुला केला. विमच्याच नव्या अवतारात, निओविममध्ये, 2021 पासून त्याचा क्लायंट आतच आहे. म्हणजे अर्थ मीपण बदलतो, तोच सर्व्हर वापरून. आणि तुझा चार जागी एकदम बदलणारा मल्टिकर्सर एकसारख्या ओळींना छान चालतो, पण परवा माझ्याकडे दोनशे फील्डची यादी होती, प्रत्येक ओळीत नाव उचलून खाली गेटर, म्हणजे त्या फील्डची व्हॅल्यू देणारं फंक्शन, बनवायचा. एका ओळीवर क्यू दाबून मॅक्रो, म्हणजे दाबलेल्या कळांचा क्रम, रेकॉर्ड केला, बाकीच्या ओळींवर आकडा देऊन चालवला, चहा गार व्हायच्या आत काम संपलं.
आणि ट्रेनमध्ये माऊस ठेवणार कुठे?

माजिवडा_सिग्नल:
गेटर आयडीई, म्हणजे कोडिंगची सगळी हत्यारं असलेला मोठा एडिटर, एका क्लिकवर बनवतो रे बाबा!! आणि ट्रान्स हार्बरला लॅपटॉप उघडायला जागा मिळते तुला? आम्हाला ठाण्याच्या दहा नंबरवर मोबाईल खिशातून काढता येत नाही.

ऐरोलीचा_एस्केप:
रात्री साडेदहाची पकड मग.

खारीगाव_टोलनाका:
मधेच बोलतो. क्रियापद आधी, कर्म नंतर ही इंग्रजीची चाल झाली. "शब्द उडव" म्हणतो आपण, "उडव शब्द" नाही. मराठी माणसाने हेलिक्स नाहीतर काकून एडिटर वापरावा, तिथे आधी निवडायचं मग क्रिया. वर काय निवडलंय ते क्रिया करायच्या आधी दिसतं, म्हणजे माजिवडाची आंधळेपणाची तक्रारपण मिटली.

माजिवडा_सिग्नल:
अजून एक एडिटर. झालं का समाधान.

नौपाडा_जुनाखोड:
पोरांनो, मी 1994 पासून विमचा पूर्वज व्हीआयवर आहे, सीप्झला टर्मिनलवर शिकलो, तेव्हा दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे माझ्या वापरण्याला कौतुक म्हणू नका. बिल जॉयने 1976 च्या सुमारास बर्कलीत लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे एडीएम-थ्रीए टर्मिनल होतं, त्याच्या एच-जे-के-एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून कर्सर अजून त्याच कळांनी हलतो, आणि एस्केप होती आजच्या टॅबच्या जागी, करंगळीखाली. आताच्या कीबोर्डवर ती कोपऱ्यात गेली आणि तुम्ही दिवसातून शंभर वेळा हात ताणता. कॅप्सलॉकला एस्केप करून टाका, मनगट वाचेल, हे मी पन्नाशीत शिकलो.
बाकी माजिवडाचं ज्युनियरचं म्हणणं खरं आहे, मीही त्यामुळे दोन पोरं घाबरवलीत. पण रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हा तिथे तुझा आयडीई नसतो रे, व्हीआय बहुतेक असतंच. फाइल उघडणं, शोधणं, बदलणं, सेव्ह न करता बाहेर पडणं, एवढं तरी हाताला असू दे.

माजिवडा_सिग्नल:
काका, तुमच्यासाठी एवढं शिकतो. पण व्हीएस कोडच्या रिमोट एक्स्टेन्शनने सर्व्हरवरची फाइल मी इथूनच उघडतो हो, रात्री दोनलासुद्धा.

नौपाडा_जुनाखोड:
त्यालाही सर्व्हरवर आपला एक भाग बसवावा लागतो. डिस्क भरली म्हणून सर्व्हर पडला असेल तर बसव मग.

कोपरखैरणे_सेक्टर_फोर:
तुम्हा सगळ्यांचा प्रॉब्लेम इंग्रजीतला आहे, माझा ऐका. मी अ‍ॅपच्या मराठी स्ट्रिंग्ज विममध्ये भरते, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटने. एस्केप दाबून नॉर्मल मोडला आले की लेआउट मराठीच राहतो, खाली जायला जे दाबते तर विमला मिळतो र. एच-जे-के-एल म्हणजे प-र-क-त! कर्सर जागचा हलत नाही. दर ओळीला लेआउट बदलायचा, मग कसला वेग आणि कसलं काय.

ऐरोलीचा_एस्केप:
इन्सर्टलीव्हला ऑटोकमांड लावा, इन्सर्टमधून बाहेर पडलात की लेआउट इंग्रजी करणारी कमांड तिथून चालवायची.

माजिवडा_सिग्नल:
बघा, मसाला सुरू.

कोपरखैरणे_सेक्टर_फोर:
लावली, चालली. पण ओळ उडवायला दोनदा डी, आणि इनस्क्रिप्टमध्ये डीच्या जागी हलन्त आहे, म्हणजे इतके दिवस मी ओळीचे पाय दोनदा मोडत होते आणि तरी ती जात नव्हती.