बर्मिंगहॅममध्ये दोन दिवस : एकाला मॉर्डोर हवंय, एकाला फौंड्री

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात भाचीकडे बर्मिंगहॅमला जातोय. त्यातले दोन दिवस पूर्ण आमचे. सोबत मुलगा (१३) आणि सासरे (७१). मुलाचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं तिसरं पारायण चालू आहे. त्याचा लेखक टोल्किन लहानपणी तिथे राहत होता हे कळल्यापासून पठ्ठ्याने वहीत नकाशाच काढलाय, शायर (गोष्टीतला हिरवा, शांत मुलूख) कुठे आणि मॉर्डोर (दुष्टांचा काळा मुलूख) कुठे. सासऱ्यांची ३४ वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेली. अंगठीची गोष्ट ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ओतीव होती की घडीव?" गाडी नाही. सासरे माळकरी आहेत आणि गुडघे कुरकुरतात. दोघांचं एकत्र जमेल का, की फाटाफूट करू?

सोलिहलकर
फाटाफूट अजिबात नको. पहिला दिवस सेअरहोल मिल. मूर स्ट्रीट स्टेशनहून हॉल ग्रीनची लोकल धरा, पुढे सपाट रस्त्याने चालत. टोल्किन १८९६ ते १९०० या काळात, म्हणजे ४ ते ८ वर्षांचा असताना, या पाणचक्कीच्या समोरच राहायचा. चक्कीवाल्याचा मुलगा धुळीने पांढराफटक असायचा, म्हणून टोल्किन आणि त्याच्या भावाने त्याचं नाव ठेवलं होतं 'पांढरा राक्षस'. काळाही एक होता, अळंबी तोडली म्हणून मागे धावणारा शेतकरी. मुलाला हे आधी सांगू नका, तिथे पोचल्यावर सांगा. चक्की रोज उघडी नसते, वार बघून जा.
तिथून मोझली बॉग चालत गाठता येतं. दलदलीतलं रान आहे, लाकडी पायवाट केलीये, तरी पावसानंतर निसरडी होते. आजोबांना काठी द्या.

भट्टीवाला
वरच्यांनी अर्धीच गंमत सांगितली. पांढरी धूळ पिठाची नव्हती हो! खतासाठी हाडं दळायचे तिथे. आणि ही चक्की म्हणजे काही फक्त गव्हाची नाही. १७५०च्या दशकात मॅथ्यू बोल्टनने ती भाड्याने घेऊन तिच्यावर धातूचे पत्रे लाटले होते. होय, तोच, पुढे वाफेच्या इंजिनात जेम्स वॉटचा भागीदार झालेला. नंतर तिथेच वाफेचं इंजिन बसलं, त्याचं धुराडं अजून उभं आहे. मोझली बॉगमधलं ते गूढ रानही चक्कीच्या जुन्या तळ्याच्या जागेवरच वाढलंय. तुमच्या सासऱ्यांना हे सगळं एका नजरेत कळेल. मुलाला शायर दिसेल तिथे त्यांना कारखाना दिसेल, आणि दोघंही बरोबर असतील.
दुसरा दिवस डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम. ब्लॅक कंट्री म्हणजे बर्मिंगहॅमशेजारचा कोळशा-लोखंडाचा जुना पट्टा. न्यू स्ट्रीट स्टेशनहून गाडी धरून टिप्टनला उतरा, तिथून मैलभर आहे, गुडघ्यांसाठी टॅक्सी करा. पूर्ण दिवस द्या. न्यूकॉमेनच्या १७१२च्या वाफेच्या इंजिनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. मूळचं याच भागात कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसत होतं. कोळशाचा थर इथे तीस-तीस फूट जाड होता, खाणीत उतरून बघता येतो. पण कमरेत वाकून चालावं लागतं, तेवढं मुलाला एकट्याला पाठवा.
महत्त्वाचं : तिथल्या जुन्या पद्धतीच्या दुकानातले फिश अँड चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. नुसते बटाटेसुद्धा. माळकरी माणसाला डबा बांधून न्या. आमच्या आईला खाऊन झाल्यावर कळलं, तो दिवस आम्ही घरात अजून काढत नाही.

शंकासुर
ब्लॅक कंट्री म्हणजे मॉर्डोर असं मुलाला ठोकून देऊ नका. टोल्किनने तसं कुठेही म्हटलेलं नाही. त्याने बनवलेल्या भाषेत मॉर्डोरचा अर्थ 'काळा देश' होतो आणि १८६८ मध्ये बर्मिंगहॅममधल्या अमेरिकन वाणिज्यदूताने या भागाला 'दिवसा काळा, रात्री लाल' म्हटलं होतं, यावर सगळी इमारत उभी. गोष्टीतल्या प्रेतांच्या दलदलीबद्दल मात्र टोल्किनने पत्रात लिहिलंय, की तिच्यात पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईनंतरच्या फ्रान्सचा अंश आहे. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातले 'दोन मनोरे' (कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं नाव यांवरून पडलं म्हणतात) तसेच. एक १७५८चा पेरट्स फॉली, दुसरा पाणीपुरवठ्याचा. किशोरवयात टोल्किन त्या भागात राहत होता एवढं खरं. बाकी पर्यटन.

भट्टीवाला
@शंकासुर, पुरावा नाही हे मान्य. पण पोराच्या नकाशावर तेवढी जागा राहू द्या की.
आणि मॉर्डोर म्हणायचंच असेल तर तिथल्या माणसांची गोष्टही सांगा. याच पट्ट्यातल्या क्रॅडली हीथच्या बाया घरामागच्या परड्यात भट्टी पेटवून साखळ्या घडवायच्या, पोरं तिथेच शेजारी. कायद्याने ताशी अडीच पेनी किमान मजुरी ठरवली, तर मालकांनी त्यातून सूट मिळवणाऱ्या कागदांवर त्यांचे अंगठे-सह्या घेतल्या. कित्येकींना वाचता येत नव्हतं. १९१० मध्ये कामगार पुढारी मेरी मॅकार्थरच्या पुढारपणाखाली त्या दहा आठवडे संपावर राहिल्या आणि जिंकल्या. संपनिधीतून उरलेल्या पैशांत कामगारांसाठी इमारत बांधली. ती उचलून विटेगणिक आता याच म्युझियममध्ये उभी केलीये. आत जाऊन बसा. साखळी घडवण्याचं प्रात्यक्षिक असेल तर सोडू नका.

नाणीवेडा
थोडं अवांतर. बोल्टनच्या सोहोच्या टांकसाळीत १७९१ मध्ये मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडले होते. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची खूण, दुसरीवर तराजू आणि फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. माझ्याकडे एक झिजलेला आहे. सोहो हाऊस हे बोल्टनचं राहतं घर आता म्युझियम आहे. वेळ उरला तर.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार. आयर्नब्रिज पण म्हणतात, ते बसवू का?

सोलिहलकर
या दोन दिवसांत नको. १७७९चा लोखंडी पूल आहे, कोलब्रुकडेलला १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोकवर (भाजून काढलेल्या कोळशावर) लोखंड वितळवलं ती भट्टी आहे, सासरे तिथून हलायचे नाहीत. पण गाडीशिवाय टेलफर्डहून बस, आणि अख्खा वेगळा दिवस. त्यापेक्षा उरलेल्या दुपारी मूर स्ट्रीटजवळच्या थिंकटँक या विज्ञान संग्रहालयातलं स्मेथिकचं वाफेचं इंजिन बघा. तेही १७७९चं, कालव्याचं खाली गेलेलं पाणी पुन्हा वर चढवायचं.

वारणाकाठ
(तीन आठवड्यांनी) जाऊन आलो. डबा नेला होता, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. चक्कीपाशी मुलाने वही काढून शायरभोवतीची रेघ पुसली आणि धुराडं आत घेतलं.
डडलीला साखळीवाला कडी तापवून दोन टोकं हातोडीने जोडत होता. सासरे पाऊण तास उभे. इंग्रजी येत नाही, तरी मधेच हात करून म्हणाले, "अजून लाल पायजे." त्या माणसाने कडी पुन्हा निखाऱ्यात सारली.