घरी चायनीज नूडल्स केल्या की लगदा होतोय, गाड्यावरच्यासारख्या सुटसुटीत कशा करायच्या?

वडगावची_आई

नमस्कार मंडळी, मी बेळगावात वडगावला राहते. तीनदा घरी नूडल्स करून बघितल्या आणि तिन्ही वेळा एक मोठा गोळा झाला, उलथणं घातलं की सगळं एकदम उचलून येतंय. धाकटा आठवीत आहे, क्लासवरून येताना गाड्यावर थांबल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि मागच्या महिन्यात खाऊन आला ते दोन दिवस पोट धरून बसला. तेव्हापासून मी ठरवलंय की त्याला आवडतं ते बंद करायचं नाही, घरीच चांगलं करून घालायचं. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, बारा पोरं येणार, आणि त्याला केकपेक्षा नूडल्सच पाहिजेत म्हणतोय.

मी कशी करते ते सांगते म्हणजे चूक कुठे ते कळेल. हक्का नूडल्सची दोन पाकिटं पातेल्यात घालून आठ मिनिटं उकडली, चाळणीत ओतली, तोवर नॉनस्टिकमध्ये कांदा कोबी गाजर ढबू मिरची सगळं एकदम घालून मीठ टाकलं, मग गरम गरम नूडल्स त्यात ओतल्या आणि वरून तीन चमचे सोया सॉस. कोबीला एवढं पाणी सुटलं की तळात रस्सा झाला, आणि चवीला खारट. आमचे हे म्हणतात घरच्या गॅसवर होणारच नाही, हॉटेलवाल्यांची मोठी शेगडी आणूया. खरंच लागते का? आणि अजिनोमोटो घालावं की नको, पोरांच्या जेवणात मला भीती वाटते. कुणी स्वतः करत असेल तर नीट सांगा.

खानापूरवाला

ताई, मी चार वर्षं मडगावात एका चायनीजवाल्याकडे कामाला होतो, पहिलं वर्ष फक्त नूडल्स उकडायला नि भाजी चिरायला, म्हणून यातलं जरा सांगू शकतो. शेगडीचं नंतर बोलूया. तुमच्या नूडल्स कढईत बिघडत नाहीत, त्या उकडतानाच बिघडल्यात.

आठ मिनिटं फार झाली ओ. पाकिटावर जी वेळ लिहिलीय त्याच्या एक मिनिट आधी काढायच्या. पाणी भरपूर पाहिजे, एका १५० ग्रॅमच्या पाकिटाला निदान दीड-दोन लिटर, मीठ एक चमचा, आणि पाणी खळाखळा उकळल्यावरच नूडल्स सोडायच्या. एक दांडी काढून नखानं तोडून बघा, मधे भाताच्या कणीसारखा पांढरा ठिपका दिसला की झालं, लगेच चाळणीत ओतून गार पाण्याच्या नळाखाली धरा, हातानं हलवून वरचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा. लोक उकडतानाच पाण्यात तेल घालतात त्याचा काही उपयोग नाही, ते वरच तरंगतंय. धुवून पाणी निथळल्यावर मग एक चमचा तेल हाताला लावून नूडल्सना चोळा.

आता खरी गोष्ट. त्या सुकायला पाहिजेत. आमच्याकडे सकाळी अकराला उकडून मोठ्या परातीत पसरून ठेवत होतो आणि गिऱ्हाईक संध्याकाळी सहाला. मी पहिल्यांदा घाईनं ओल्याच कढईत टाकलो तर मुख्य आचाऱ्यानं माझा हात धरून परातीतल्या सुक्या नूडल्सवर ठेवला, म्हणाला हे बघ, हाताला तेल लागतंय पण पाणी लागत नाही, असं झाल्याशिवाय आगीवर न्यायचं नाही. ओली नूडल गरम कढईत पडली की आधी पाण्याची वाफ होते, म्हणजे ती परतली जात नाही, परत शिजते, मग पीठ सुटतं आणि चिकटते. एवढंच कारण. तुम्ही निदान एक तास फॅनखाली पसरून ठेवा, जमलं तर आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये, आणखी चांगल्या होतात.

दुसरं, नॉनस्टिक यासाठी नको. एवढं तापवलं की कोटिंग खराब होतं. लोखंडी कढई घ्या, आपल्या मंगाईच्या जत्रेत मिळते तसली बिनकोटिंगची. नवीन असली तर घासून, तापवून, तेलाचा हात फिरवून परत तापवायची, असं तीन-चार वेळा केलं की काळी गुळगुळीत होते मग चिकटत नाही. करताना आधी कढई रिकामीच मोठ्या आचेवर ठेवायची, हलका धूर दिसला की तेल, तेल फिरवून लगेच लसूण-आलं. पेस्ट नको बारीक चिरलेलं, पेस्ट तळाला लागून करपते. लसणाचा रंग बदलायच्या आत कांदा, गाजर, मग कोबी, ढबू शेवटी. मीठ भाजीत घालायचं नाहीच, तुमचा रस्सा त्यानंच झाला, मिठानं भाजी पाणी सोडते. भाजी एक-दीड मिनिट, कच्चट असतानाच नूडल्स. सॉस नूडल्सच्या डोक्यावर ओतू नका, कढईच्या कडेनं सोडा, तापलेल्या लोखंडावर चर्र होऊन जरा जळतो तोच गाड्यावरचा वास. कँटनीज लोक त्याला वॉक हेय म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. व्हिनेगर सगळ्यात शेवटी अर्धा चमचा, गॅस बंद करायच्या आधी.

आणि एका वेळी दोन माणसांचंच. घरच्या शेगडीला हॉटेलच्या भट्टीची ताकद नाही, ढीगभर माल टाकला की कढई थंड पडते. माल कमी टाका, शेगडी तीच चालते.

नंदगडची_आज्जी

खानापूरवाल्यानं बरोबर सांगितलंय. माझ्या सुनेनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला आमच्या शेवया आठवल्या. उन्हाळ्यात आम्ही गव्हाच्या शेवया करून काठीवर वाळत घालायचो, एकावर एक आल्या की संपलं, चिकटून दोरखंड व्हायचं. म्हणून पोरींना काठीजवळ बसवून नुसतं सोडवायचं काम द्यायचं. नूडल्सचंही तेच की गं. परातीत ढीग करून ठेवू नकोस, स्वच्छ सुती पंच्यावर पातळ पसर, दहा-दहा मिनिटांनी हातानं वर-खाली कर. ताट असलं की खालच्या नूडल्स ओल्या राहतात, कापड पाणी ओढून घेतं. आणि आता पावसाचे दिवस आहेत, हवेतच ओल आहे, एका तासात बेळगावात काही सुकणार नाही, दोन तास धर.

मी नातवाला मैद्याच्या नूडल्स घरीच पाडून देते, शेवयाच्या मशीननं. अर्धा किलो मैदा, मीठ, अंडं चालत असेल तर एक, आणि पाणी अगदी बेतानं, पीठ पुरीच्या पिठाहून घट्ट. अर्धा तास झाकून ठेवायचं. त्या ताज्या असल्यामुळे दोन मिनिटांतच शिजतात, लक्ष ठेवायला लागतं.

अनगोळ_९०

अजिनोमोटोबद्दल सांगतो, कारण यात खूप गैरसमज आहेत. ते कंपनीचं नाव, पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा नावाच्या शास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या सूपमधून ते वेगळं काढलं. ग्लुटामेट टोमॅटोतही असतं, सोया सॉसमध्येही असतं. म्हणजे तुम्ही सोया सॉस घालताय तेव्हा ते आधीच येतंय. पाव चमचा घातल्यानं पोरांना काही होईल असं मी म्हणणार नाही, आणि सोडियम मिठापेक्षा कमीच असतं, मिठात ३९ टक्के यात १२ टक्क्यांच्या आसपास. पण मीठही पूर्ण आणि हेही पूर्ण असं केलं की बेरीज होते, तुमच्या खारटपणाला तीन चमचे सोया सॉसच पुरेसा होता.

मला खरी भीती वाटते ती रंगाची. मार्च २०२४ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीत आणि बुड्ढी के बाल मध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन बी सापडलं होतं, ते कापड रंगवायला वापरतात. घरी रंगाची गरजच नाही. डार्क सोया सॉस अर्धा चमचा घ्या, तो रंगासाठी असतो, चवीसाठी साधा सोया सॉस एक चमचा, दोन माणसांच्या नूडल्सना एवढं बास. तुम्ही बहुतेक तीन चमचे डार्कच घातला असणार, म्हणून काळ्या झाल्या असतील.

आणि हक्का हा काही आकार किंवा प्रकार नाही, हक्का म्हणजे चिनी लोकांचा एक समाज, कलकत्त्याच्या टांग्रा भागात त्यांची वस्ती आणि हॉटेलं आहेत, आपण भारतात खातो ते चायनीज कलकत्त्यातूनच पसरलं. मला हे कळल्यावर बरं वाटलं, कारण घर सोडून आलेल्या लोकांनी इथल्या जिभेला जुळवून ते बनवलंय, म्हणून आपणही आपल्या मिरचीनं केलं तर त्यात चूक काही नाही.

निपाणी_स्टँड

मिरचीचा विषय निघाला म्हणून लिहितोय. बाटलीतला रेड चिली सॉस आणूच नका वैनी, माझी बायको घरी करते, बारा ब्याडगी आणि तीन संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून आणतो. देठं काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, मीठ, दोन चमचे व्हिनेगर घालून मिक्सरला बारीक, मग तीन चमचे तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं. खिडकी उघडी ठेवा, ठसका लागतो. बाटलीत भरून फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस आरामात राहतं. हे घातलं की रंगच लागत नाही, नूडल्स आपोआप लाल.

फक्त एक, मला कांद्याची पात शेवटी कच्ची घातलेली आवडते, खानापूरवाले कांदा आधी परतायला सांगतात, मी तर कांदा घालतच नाही. कांदा परतला की गोडसर होतो आणि मग ती आपल्या पोह्याची चव येते.

खानापूरवाला

निपाणीकर तुमच्या पातीचं बरोबर, पांढरा भाग आधी आणि हिरवा शेवटी घाला, दोन्ही होतंय. कांदा मात्र मी सोडणार नाही, मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटात गोड होत नाही, छोट्या आचेवर होतो.

ताई, मोठ्या शेगडीचं विसरलो होतो. आणू नका. ती भट्टी हाय प्रेशर रेग्युलेटरवर चालते, हॉटेलवाल्यांचा १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर असतो, पाईपही वेगळा. आपल्या १४.२ किलोच्या घरच्या सिलिंडरला तो रेग्युलेटर लावणं धोक्याचं आहे, बंद स्वयंपाकघरात तर मुळीच नको. एकाच्या घरी असलं लावलेलं, ज्वाळ वरच्या कपाटाला लागली ते मी स्वतः बघितलोय. मोठा बर्नर आहे तोच पूर्ण उघडा.

वडगावची_आई

किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी. मोठी शेगडी रद्द, यांनाही वाचायला दिलं. कापडाचं आज्जींनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. एकच अडचण, बारा पोरांना एका वेळी दोघांचं करायचं म्हटलं तर शेवटचा पोरगा जेवेपर्यंत पहिल्याचं पोट परत रिकामं होईल. श्रावण असल्यामुळे अंडं नाही.

नंदगडची_आज्जी

असं कर. पाकिटं सहा, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम, पोरं असली तरी सोबत गोबी आणि कोशिंबीर असणार, पुरतं. आदल्या रात्री उकडून सुकवून तेल लावून डब्यात. भाजी सकाळीच चिरून कोरडी करून ठेव, धुतलेली ओली भाजी नको, पंच्यानं पूस. सॉस एका वाटीत एकत्र मिसळून ठेव म्हणजे ऐनवेळी बाटल्या उघडत बसायला नको. मग फक्त सहा वेळा कढई, प्रत्येकी तीन मिनिटं, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पहिल्या दोन घाण्या झाकणाच्या डब्यात ठेवू नकोस, वाफेनं परत लगदा होईल, उघड्या परातीत ठेव.

वडगावची_आई

काल रविवारी एका पाकिटाची चाचणी केली. जत्रेतली कढई दोन वर्षं माळ्यावर पडलेली, गंज घासून काढला, तापवून तेल लावलं चारदा. नूडल्स साडेतीन मिनिटांत काढल्या, कणी दिसली. पंच्यावर दोन तास ठेवल्या, बाहेर धो धो पाऊस होता तरी फॅनखाली झाल्या, हात लावला तर आचारी म्हणाले तसंच, तेल लागत होतं पाणी नव्हतं. मीठ कुठेच घातलं नाही, निपाणीकरांचा मिरचीचा सॉस एक चमचा. कडेनं सोया सोडल्यावर जो वास आला त्या वासावर पोरगा अभ्यास सोडून आत आला. प्रत्येक दांडी वेगळी, ताटात काट्यानं उचलता येत होती. त्याला विचारलं गाड्यावरचं बरं की हे, तर म्हणाला याच्यात कोबी जास्त आहे पण चालेल, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

एक फसलं. दुसऱ्या घाणीला कढई परत तापू न देता लगेच भाजी टाकली तर तिला पाणी सुटलं. मधे किती वेळ थांबायचं ते सांगा.

खानापूरवाला

पुसून परत धूर दिसेपर्यंत, एक मिनिट तरी. घड्याळ बघू नका, धूर बघा.