ग्रिम्सपाऊंडचे दगड परत रचायलाच नको होते

माळरान: परवा डार्टमूरवर ग्रिम्सपाऊंडला जाऊन आलो. इंग्लंडच्या डेव्हनमधलं कांस्ययुगातलं गाव, ३००० वर्षांहून जुनं, साधारण ४५० मीटर उंचीवर, २४ गोल दगडी घरांचे अवशेष आणि सगळ्यांभोवती ग्रॅनाइटचं गावकूस. अंगावर काटा आला. पण १८९४ ला ज्यांनी खोदकाम केलं (पाद्री बेअरिंग-गोल्ड त्यातलेच) त्यांनी पडलेले दगड उचलून काही भाग परत रचून टाकला, त्यामुळे आज आपण हात ठेवतो तो दगड तेव्हाच्या माणसाने लावलेला की १८९४ च्या मजुराने, बघून कळत नाही. आपल्या किल्ल्यांवर सिमेंट थापलं की आपण ओरडतो ना, मग इथे का गप्प बसायचं?

रानवाट: सिमेंटशी तुलना नाही पटली. तिथलेच दगड तिथेच रचलेत. ते केलं नसतं तर गवतात दगडांचे ढीग दिसले असते, बास. दारापुढची ती वाकडी भिंत बघितलीत का, वारा अडवायला घातलेली? माझी आठ वर्षांची लेक वाकून आत शिरली आणि म्हणाली आई, इथे वाराच लागत नाही गं! तिला ते घर तिथेच कळलं.

माळरान: बघितली ना ताई, मी पण बसलो तिच्या आडोशाला. पण भिंत केवढी उंच होती हे ठरवलं कोणी? वर्थ या अभ्यासकाने त्या रचण्यावर नंतर कडक टीका केलीय. बांधून दाखवायचंच तर हॅम्पशायरच्या बट्सरसारखं करा, १९७२ पासून वेगळ्या जागेत अशी घरं बांधून बघतायत, त्यातूनच समजलं की गवती छपराला धुरासाठी भोक ठेवलं की हवेची ओढ लागून गवत पेटायची भीती, धूर आपला गवतातून झिरपत बाहेर जातो.

चूलवैल: मधेच बोलतो. वेल्समध्ये कास्टेल हेन्लिसला लोहयुगातली गोल घरं मूळ जागेवरच उभी केलीत, पण आधी खणून, खांबांचे खड्डे नोंदवून. जागेवर बांधणं चूक नाही, घाई चूक.

रानवाट: नोंद नीट हवी होती, मान्य. पण डार्टमूरच्या आम्लधर्मी मातीत हाडंसुद्धा टिकत नाहीत, खोदकामात मिळालं काय तर राख, कोळसा, थोडी खापरं आणि गारगोट्या. त्या माणसांचं दगडाशिवाय उरलंय काय? मग तो उभा दिसू दे ना लोकांना.

माळरान: दगडच उरलेत म्हणून तर जीव तुटतो. पडले तसे राहिले असते तर कुठला कुठून घसरला, कुठल्या बाजूने भिंत आधी ढासळली, हे आज एकेक दगड मोजून काढता आलं असतं.