दातांना वजनकाटा कळत नाही

खडूस_दाढ:
एक पोस्ट सगळीकडे फिरतेय: "दहावीतल्या पोराचं वजन उतरवा, दात आपोआप सुधारतील." काहीही! किडीचा संबंध किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याच्याशी जास्त. २५० मिलि कोल्यात साधारण २६ ग्रॅम साखर. जेवणासोबत पाच मिनिटांत संपवा नाहीतर क्लासमध्ये दोन तास घोट घोट घ्या, वजनाच्या खात्यात जमा तेवढीच. दातांना मात्र दुसरा प्रकार महागात पडतो. घोट घेतला की प्लाकचा, म्हणजे दातांवरच्या जंतूंच्या चिकट थराचा, पीएच ५.५ च्या खाली उतरतो (आम्ल वाढतं), आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम सुटू लागतं. लाळेला तो पुन्हा वर आणायला अर्धा तास तरी लागतो, तोवर पुढचा घोट हजर. सडपातळ पोरांच्या दाढाही अशाच पोखरतात.

शिवाय कीड मोजायला डीएमएफ निर्देशांक वापरतात, म्हणजे किडलेले, गेलेले आणि भरलेले दात मिळून आकडा; त्यात एकदा भरलेली दाढ कायम मोजली जाते. वजन आजचं, कीड चार वर्षांपूर्वीची. जोडा संबंध!

निर्भीड_हिरडी:
किडीवर निबंध झाला, हिरड्या कुठे गेल्या? चरबीच्या पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असली सूज वाढवणारी रसायनं सोडतात. तेवढ्याच प्लाकवर लठ्ठ मुलाच्या हिरड्यांतून रक्त लवकर येऊ शकतं. पोस्ट निम्मी तरी बरोबर आहे. पण तुम्हाला झोडपायचीच होती.

खडूस_दाढ:
या वयात संप्रेरकांनीही हिरड्या सुजतात, वर ब्रेसेसच्या तारांत अन्न अडकतं. बहुतेक अभ्यासांत वजन आणि तोंड एकाच वेळी तपासलेलं असतं, आधी काय झालं ते त्यातून कसं कळणार? लठ्ठ मुलांना कायमचे दात थोडे लवकर येतात, म्हणजे त्याच वयात त्यांचे दात साखरेत जास्त काळ भिजलेले. हे धरलंय का कोणी हिशोबात? आणि पाच किलो उतरवलेत तरी प्लाक ब्रशनेच निघणार.

कडक_भाकरी:
दोघेही लठ्ठपणातच अडकलात. कीड दाताच्या नसेपर्यंत गेली की पोर एकाच बाजूने चावतं. भाकरी, शेंगदाणे, काकडी सुटतात, उरतात चहात बुडवलेली बिस्किटं. रात्रभर ठणका, झोप नाही, वजन घटतं. गरीब वस्त्यांत कीड आणि कमी वजन हातात हात घालून येतात. तिथेही "वजन उतरवा" सांगणार का?

गुळाची_ढेप:
कशाला एवढा काथ्याकूट? साखर बंद, गूळ चालू. नैसर्गिक आहे, लोह आहे. आपल्या आज्यांचे दात बघा.

खडूस_दाढ:
आला गूळ! गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे सोवळं नेसलेली साखरच ती. तोंडातल्या जंतूंना सोवळं कळत नाही. गुळाची चिक्की तर दाढेच्या खाचेत चिकटून बसते, कोल्यापेक्षा जास्त वेळ. बारा वर्षांच्या सुमाराला दुसरी दाढ येते, तिच्या खाचा खोल आणि इनॅमल कच्चं. आज्यांना दिवसातून सहा वेळा पाकीट फोडायला मिळत नव्हतं, हे सोयीस्कर विसरता.

गुळाची_ढेप:
म्हणजे आता संक्रांतही बंद करा! तुम्हा लोकांना आपल्याकडचं काही म्हणून पटत नाही. रूट कॅनालची बिलं फाडायची असतात ना.

कडक_भाकरी:
बिलाचा राग गुळावरून कशाला काढता? दुसरी दाढ पूर्ण वर आली की खाचांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून घ्या. रूट कॅनालपेक्षा कितीतरी स्वस्त, भूलही लागत नाही. भरताना दाढ कोरडी राहिली नाही तर मात्र ते निघून येतं, म्हणून अर्धवट वर आलेल्या दाढेत घाई नको.

निर्भीड_हिरडी:
धागा वजनाचा होता, आठवण करून देतो. उलट्या करून वजन उतरवणाऱ्या मुली कोणाच्या लक्षात आहेत का? वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं इनॅमल खरवडून निघतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश तासाभराने. "वजन उतरवा"वाल्या पोस्टमध्ये हे का नाही?

खडूस_दाढ:
हे मात्र मान्य, नाइलाजाने.

गुळाची_ढेप:
बरं बाबा, तिळगूळ जेवणाबरोबरच देतो, मधल्या वेळेला नाही. झालं समाधान?

खडूस_दाढ:
रात्री १००० पीपीएमच्या वरची फ्लोराइड पेस्ट लावायला सांगा, थुंकायचं पण चूळ भरायची नाही. मग होईल.