मदत हवी आहे: बसवलेले प्रोग्राम आणि सेटिंग न गमावता विंडोज १० पुन्हा कशी टाकावी?

माझ्या डेस्कटॉप संगणकावर विंडोज १० होम, ६४ बिट, २२एच२ ही आवृत्ती आहे. अलीकडे तिच्या सिस्टिम फाइली बिघडल्याची लक्षणे दिसू लागली आहेत. अपडेट डाउनलोड होते, संगणक रीस्टार्ट होतो, अर्ध्यावर गेल्यावर बदल मागे घेत असल्याचा संदेश येतो आणि सारे पुन्हा पहिल्या जागी येते. सेटिंग्जची खिडकी उघडताक्षणी मिटते. ‘एसएफसी’ हे सिस्टिम फाइली तपासून दुरुस्त करणारे साधन चालवल्यावर बिघडलेल्या फाइली सापडल्या पण त्यांतल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत, असे उत्तर मिळते आणि विंडोजची प्रत दुरुस्त करणाऱ्या ‘डिझम’ या साधनाच्या रिस्टोरहेल्थ आदेशाला दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइलीच सापडत नाहीत. डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल दिलेला स्मार्ट अहवाल आणि डिस्कवरच्या चुका शोधणारे चेकडिस्क या दोन्हींत काही गैर आढळले नाही, शिवाय संगणक डेस्कटॉपपर्यंत नीट सुरू होतो, त्यामुळे दोष डिस्कचा नसून विंडोजचाच असावा असे मी धरून चाललो आहे.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी मी नोंदणी केली आहे, पण तीच अपडेट बसत नसल्यामुळे हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही आणि विंडोज ११ ला ती लागते, म्हणून विंडोज ११ चा विचार सध्या बाजूला ठेवला आहे.

माझ्या फाइलींची मला चिंता नाही, कारण त्यांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आहे. काळजी आहे ती बसवलेल्या प्रोग्रामांची, आणि त्यातही एका जुन्या रेखाटनाच्या प्रोग्रामची. तो बनवणारी कंपनी बंद झाली आहे, त्यामुळे त्याचा परवाना नव्याने सक्रिय करून देणारा सर्व्हरच उरलेला नाही. म्हणजे तो प्रोग्राम आज माझ्या संगणकावर ज्या अवस्थेत आहे, त्याच अवस्थेत टिकला तर टिकला. त्यात मी तयार केलेले ब्रश आणि शॉर्टकट, तसेच वर्डमध्ये वर्षानुवर्षे भर घालत गेलेला माझा शब्दकोश, हेही जपायचे आहे.

शोधाशोध करून मला इतके कळले आहे की विंडोज नव्याने बसवणाऱ्या ‘रीसेट धिस पीसी’ या सोयीमध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी स्वतः बसवलेले प्रोग्राम काढले जातात आणि त्यांची फक्त यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते. प्रोग्राम फाइल्सचे फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण प्रोग्रामच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, असतात आणि त्याचा बाकीचा संसार प्रोग्रामडेटा व अ‍ॅपडेटा या फोल्डरांत विखुरलेला असतो. म्हणून मी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याच्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) घेतली आणि चालू विंडोजमधूनच तिच्यातला सेटअप सुरू केला. मात्र काय ठेवायचे हे विचारणाऱ्या पडद्यावर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ हा नेमका मला हवा असलेला पर्याय फिकट दिसतो आणि निवडता येत नाही. मी तिथेच सेटअप बंद केला. हा पर्याय कशामुळे बंद राहतो आणि तो खुला झाल्यावर पुढे जाण्याआधी आणखी काय करून ठेवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तुम्ही योग्य जागी थांबलात आणि तुमचा मार्गही बरोबर आहे. पेन ड्राइव्हवरून संगणक बूट करून सेटअप चालवला असता तर प्रोग्राम ठेवण्याचा मार्गच मिळाला नसता. ती सोय फक्त चालू विंडोजमधून सेटअप सुरू केल्यावर मिळते.

तो पर्याय फिकट दिसण्यामागे बहुधा आयएसओ आणि बसवलेली विंडोज यांच्यातली तफावत असते. आयएसओतली आवृत्ती बसवलेल्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी, होम असेल तर होम हवी, ६४ बिट असेल तर ६४ बिटच हवी. तुमच्या वर्णनावरून यांपैकी काही चुकलेले दिसत नाही, म्हणून माझा संशय भाषेवर आहे. विंडोजच्या इंग्रजीचे दोन प्रकार मिळतात: नुसते ‘इंग्लिश’ म्हणजे अमेरिकी आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ म्हणजे ब्रिटिश. वाचताना फरक जाणवत नाही, पण सेटअपच्या लेखी त्या दोन वेगळ्या भाषा आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘डिझम’ला ‘ऑनलाइन’ आणि ‘गेट-इंटल’ हे दोन पर्याय द्या आणि येणाऱ्या उत्तरातली सिस्टिमची मूळ भाषा पाहा. कीबोर्ड किंवा तारखेची मांडणी कोणतीही असली तरी इथे त्याने फरक पडत नाही.

योग्य भाषेची आयएसओ मिळाली की आधी तिच्यातल्या ‘सोर्सेस’ फोल्डरातली ‘इन्स्टॉल’ नावाची, विंडोजच्या मूळ फाइली एकत्र बांधलेली विम किंवा ईएसडी प्रकारची फाइल ‘डिझम’ला स्रोत म्हणून दाखवून रिस्टोरहेल्थ पुन्हा चालवून पाहा आणि त्यानंतर ‘एसएफसी’ चालवा. एवढ्यावर भागले तर विंडोज पुन्हा टाकण्याची गरजच उरणार नाही.

तरीही पुन्हा टाकावी लागली, तर त्याआधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्याची हुबेहूब प्रत, घ्या. बाकी काही राहिले तरी चालेल, पण हे राहू देऊ नका. प्रोग्राम जागेवर राहिला तरी त्याचा परवाना संगणकाची ओळख कशावरून पटवतो हे बाहेरून सांगता येत नाही, त्यामुळे तुमच्या त्या रेखाटनाच्या प्रोग्रामची हमी कोणीच देऊ शकणार नाही. इमेज असेल तर आजची अवस्था जशीच्या तशी परत आणता येईल. इमेज घेणाऱ्या साधनाचा बूट होणारा पेन ड्राइव्हही बनवा आणि त्यावरून संगणक सुरू करून बाहेरच्या ड्राइव्हवरची इमेज तिथे दिसते ना, हे स्वतः तपासा. विंडोज जुनी प्रत ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये ठेवते आणि साधारणपणे १० दिवस मागे जाण्याची मुभा देते, पण केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये.

बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस असल्यास तो तात्पुरता काढून टाका, सी ड्राइव्हवर निदान २५ ते ३० जीबी जागा मोकळी करा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ते तात्पुरते थांबवून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. काम झाल्यावर जुने रिस्टोर पॉइंट (विंडोजची आधीची अवस्था परत आणण्यासाठी ठेवलेल्या नोंदी) राहणार नाहीत, आयएसओनंतर आलेली अपडेट पुन्हा घ्यावी लागतील आणि एखादी फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची यासारखी काही सेटिंग मूळपदावर गेलेली दिसू शकतील. वर्डचा शब्दकोश अ‍ॅपडेटातल्या ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘यूप्रूफ’ या मार्गावर असतो; त्याची प्रत आजच वेगळी काढून ठेवा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. तुमचा संशय खरा ठरला: सिस्टिमची मूळ भाषा ब्रिटिश इंग्रजी निघाली आणि मी घेतलेली आयएसओ अमेरिकी इंग्रजीची होती. इंटरनॅशनलची आयएसओ घेतल्यावर तो पर्याय निवडता येऊ लागला. मात्र ती फाइल स्रोत म्हणून देऊनही ‘डिझम’ची दुरुस्ती पूर्ण झाली नाही, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकावीच लागेल असे दिसते. इमेज घेण्यापूर्वी एक शंका आहे. डिस्कवर सी ड्राइव्हखेरीज काही छोटी, नाव नसलेली पार्टिशन (डिस्कचे वेगळे पाडलेले भाग) दिसतात. इमेज फक्त सी ड्राइव्हची घेतली तर पुरेल का?

प्रतिसाद:

पुरणार नाही. त्या छोट्या पार्टिशनांपैकी एक ईएफआय सिस्टिम पार्टिशन असते आणि विंडोज सुरू करणाऱ्या बूटच्या फाइली तिच्यात असतात. रिकव्हरीचे पार्टिशनही बहुधा वेगळेच असते. नुसती सी ड्राइव्ह परत आणली आणि दरम्यान बूटच्या फाइली बदललेल्या किंवा बिघडलेल्या असल्या, तर डेटा जागेवर असूनही संगणक सुरू होणार नाही. त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन निवडून एकच इमेज घ्या, ती पडताळून पाहण्याचा पर्याय साधनात असेल तर तो वापरा आणि बाहेरचा ड्राइव्ह काढून ठेवल्यानंतरच सेटअप सुरू करा.